निळी बुगाटी आणि पहिला परवाना

कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली, की मुंबई-आग्रा रस्ता घोटीच्या भातखाचरांमधून जाऊ लागतो. उजव्या हाताला कळसूबाईची रांग, रस्त्याच्या कडेला भाताच्या गिरण्या आणि तांदळाची पोती लादून घाट उतरायला निघालेले ट्रक. यातल्या अनेक ट्रकांच्या दर्शनी भागावर टाटांचे नाव असते. टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने १९५४ साली ट्रक बांधायला घेतले, तेव्हापासून घाटरस्ता आणि टाटांचा ट्रक ही जोडी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की त्यामागे हाडामांसाचे कोणी माणूस असेल हे मनातही येत नाही. त्या वेळी टाटा उद्योगसमूहाच्या अध्यक्षपदी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा होते. साऱ्या देशाने त्यांना जेआरडी या तीन अक्षरांनी ओळखले.

देशाला ओझेवाहू वाहने पुरवणाऱ्या या समूहाच्या प्रमुखाने स्वतःच्या तारुण्यात जीव लावला तो मात्र अगदी निराळ्या दोन यंत्रांना. एक होती निळी बुगाटी मोटार आणि दुसरे, कापडाने मढवलेल्या पंखांचे, एका इंजिनाचे मॉथ विमान. उद्योगपती जेआरडींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या दोन यंत्रांच्या वाटेने त्यांच्या आयुष्याकडे पाहिले, तर जे जेआरडी दिसतात तेच मला अधिक खरे वाटतात.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटांचे नातलग आणि सहकारी. आई सुझान ब्रिएर फ्रेंच होती, लग्नानंतर ती सूनी टाटा झाली. हिंदुस्थानात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून या सूनीबाईंचे नाव घेतले जाते. तेव्हा मुलाच्या बुगाटीचे मूळ शोधायला फार लांब जायला नको! कुटुंब कधी पॅरिस, कधी मुंबई, कधी जपानातले योकोहामा असे फिरते होते आणि मुलांच्या शाळाही तशाच बदलत राहिल्या. फ्रेंच ही जेआरडींची खरी मातृभाषा, इंग्रजी त्यांनी नंतर कष्टाने कमावली.

उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्दलो नावाचे गाव आहे. टाटा कुटुंब सुटीत तिथे राहायला जाई. शेजारी होते लुई ब्लेरिओ. १९०९ च्या जुलै महिन्यात इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारा हा माणूस त्या काळी युरोपचा नायक होता. त्याची विमाने हार्दलोच्या ओल्या वाळूवर उतरत आणि किनाऱ्यावरची मुले तिकडे धाव घेत. जहांगीर हा त्यातलाच एक मुलगा. पंधराव्या वर्षी त्याच किनाऱ्यावर पैसे भरून थोडा वेळ विमानात बसण्याची संधी त्याला मिळाली आणि त्या फेरीनंतर वैमानिक व्हायचे हे मनात पक्के झाले. ते प्रत्यक्षात यायला आणखी जवळजवळ दहा वर्षे लागली, कारण हिंदुस्थानात विमान शिकवणारे कोणी नव्हते.

मधल्या काळात फ्रेंच नागरिक म्हणून त्यांना सक्तीची लष्करी नोकरी करावी लागली. स्पाही नावाच्या घोडदळात ते वर्षभर होते. त्यांना तिथेच पुढे राहायचे होते, पण वडिलांनी ऐकले नाही. नंतर ते पथक मोरोक्कोच्या मोहिमेवर गेले आणि तिथे त्याचा धुव्वा उडाला. केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकण्याची इच्छाही वडिलांच्याच बोलावण्यामुळे राहून गेली. १९२५ च्या डिसेंबरात ते मुंबईत बिनपगारी उमेदवार म्हणून टाटांच्या कचेरीत बसू लागले. पुढच्याच वर्षी वडील वारले, आई तर १९२३ मध्येच गेली होती. बाविसाव्या वर्षी चार भावंडांसह संसाराचा आणि वडिलांच्या कर्जाचा भार या तरुणावर आला. पदवी नसल्याची खंत त्यांना जन्मभर बोचत राहिली. यंत्रशास्त्र पुस्तकातून शिकता आले नाही, ते त्यांनी हातांनी शिकून घेतले, असे म्हणायला हरकत नाही.

त्या हातांत पहिल्यांदा आली ती बुगाटी. आल्सास प्रांतातल्या मोल्सहाइम गावी एत्तोरे बुगाटी या इटालियन कुळातल्या कारागिराने काढलेल्या कारखान्यातली ही गाडी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत या कारखान्याच्या निळ्या गाड्यांनी युरोपातल्या शर्यतींचे मैदान गाजवले होते. हलकी चौकट, लहान आणि चलाख इंजिन, उघडी बैठक. चालवणाऱ्याच्या तोंडावर वारा, तेलाचा वास आणि रस्त्याची धूळ एकदमच यायची. अशी गाडी चालवताना चालकाला वेगमापकाकडे बघायची गरज फारशी पडत नाही. इंजिनाचा सूर कानाला कळतो, चाकाची पकड पाठीच्या कण्याला कळते. उघड्या बैठकीच्या हलक्या विमानाचेही नेमके हेच आहे. वारा कोणत्या गालावर लागतो यावरून विमान सरळ चालले आहे की घसरते आहे, हे जुने वैमानिक ओळखत. इंजिनाची एखादी ठिणगी चुकली, तर मोटारवाल्याच्या आणि वैमानिकाच्याही छातीत त्याच क्षणी धस्स होई. दोघांची बोटे तेलाने सारखीच काळी. फरक इतकाच, की मोटार बंद पडली तर माणूस रस्त्याच्या कडेला बसून राहतो.

त्या बुगाटीचा एक किस्सा नेहमी कौतुकाने सांगितला जातो. मुंबईच्या रस्त्यावर बेफाम वेगाने गाडी चालवल्याबद्दल जेआरडींवर खटल्याची वेळ आली. ते जॅक विकाजी या नामांकित वकिलांकडे सल्ल्यासाठी गेले. त्या येण्याजाण्यात वकिलांची पुतणी थेल्मा त्यांच्या दृष्टीस पडली आणि १९३० च्या डिसेंबरात दोघांचे लग्न झाले. गोष्ट गोड आहे खरी. पण तिचा आरंभ पोलिसांत झाला, हेही विसरू नये. त्या काळच्या मुंबईत रस्ते टांगेवाले, हातगाडीवाले आणि पायी चालणारे यांचे होते. श्रीमंताच्या मुलाची भन्नाट गाडी त्यांना कौतुकाची वाटली असेल, असे समजण्याचे कारण नाही. वेगाचा आनंद एकट्याचा असतो आणि त्याची धास्ती मात्र इतरांना सोसावी लागते. जेआरडींना हे कधी उमगले, हे सांगता येणार नाही. पण आकाशात गेल्यावर त्यांच्या वागण्यात जी शिस्त दिसते, ती बुगाटीच्या दिवसांत नव्हती एवढे निश्चित.

१९२९ च्या आरंभी मुंबई फ्लाइंग क्लबने जुहूला शिकवण्या सुरू केल्या आणि पहिल्याच विद्यार्थ्यांत जेआरडी होते. अवघ्या काही तासांच्या शिकवणीनंतर त्यांनी एकट्याने उड्डाण केले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांच्या हाती परवाना आला. एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माने दिलेल्या त्या परवान्यावरचा क्रमांक होता १. आयुष्यात मानसन्मान खूप मिळाले, पण त्या छोट्या निळ्या-सोनेरी पुस्तिकेइतका आनंद दुसऱ्या कशाने झाला नाही, असे ते पुढे सांगत असत. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले.

आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये, कोणत्याही दिशेने, एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकाला पाचशे पौंड. तिघे निघाले. मनमोहन सिंग आणि अस्पी इंजिनियर इंग्लंडहून, जेआरडी कराचीहून. तिघांचीही विमाने जिप्सी मॉथ जातीची, उघड्या बैठकीची. रेडिओ नाही, हवामानाचा अंदाज सांगणारे कोणी नाही. गुडघ्यावर नकाशा आणि खाली वाळवंट, असा हा प्रवास होता. ३ मे १९३० रोजी जेआरडी कराचीहून उडाले. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर तळावर उतरले, तेव्हा तिथे अस्पी अडकून पडलेला त्यांना दिसला. स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि नवे मिळण्याची वाट पाहण्यावाचून त्या अठरा वर्षांच्या आतल्या मुलापुढे गत्यंतर नव्हते. जेआरडींजवळ जादा प्लग होते. जुन्या मोटारी चालवणाऱ्याला प्लगची पिशवी बरोबर बाळगायची सवय असतेच. त्यांनी आपले जादा प्लग काढून अस्पीला दिले. अस्पीनेही आपले जीवरक्षक जाकीट त्यांना दिले, कारण पुढे समुद्र ओलांडायचा होता जेआरडींना.

अस्पीचे विमान सुरू झाले आणि बक्षीस त्यानेच जिंकले. जेआरडी थोडक्यात मागे पडले. मनमोहन सिंग यांचा प्रवास मुदतीत न बसल्याने ते स्पर्धेतून बाद झाले. हाच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. १९६० ते १९६४ या काळात एअर मार्शल अस्पी इंजिनियर यांनी ते पद सांभाळले. चार प्लग देऊन टाकणाऱ्या माणसाला शर्यत हरल्याची हळहळ वाटली नसेल असे नाही. पण जिंकण्यासाठी दुसऱ्याला वाळवंटात ठेवून पुढे निघून जाणे त्यांना जमले नाही. मुंबईच्या रस्त्यावर वेगासाठी खटला ओढवून घेणारा तरुण आणि अबुकीरच्या तळावर प्लग काढून देणारा तरुण, यांत दोन वर्षांचेदेखील अंतर नसावे.

विमानाचा छंद व्यवसायात बदलला तो नेव्हिल विन्सेंट या माणसामुळे. ब्रिटिश हवाई दलात राहिलेला हा वैमानिक १९२९ मध्ये हिंदुस्थानात विमानाच्या फेऱ्या घडवत फिरत होता. लंडनहून इंपीरियल एअरवेजची टपाल कराचीपर्यंत विमानाने येते आणि तिथून मुंबई-मद्रासकडे आगगाडीने रखडत जाते, हे त्याच्या ध्यानात आले. ती कराचीहून पुढे विमानानेच न्यावी, ही योजना घेऊन तो जेआरडींकडे आला. वृद्ध दोराबजी टाटा या साहसाला नाखूश होते. जॉन पीटरसन या जाणत्या सहकाऱ्याने त्यांचे मन वळवले. सरकारशी घासाघीस करण्यात तीन वर्षे गेली आणि १९३२ मध्ये करार झाला.

भांडवल दोन लाख रुपये, विमाने दोन पस मॉथ, जुहूला झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. जेआरडी आणि विन्सेंट यांच्या जोडीला होमी भरुचा हा एक पूर्णवेळ वैमानिक आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिस्त्री. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पंचावन्न पौंड टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला उतरून इंधन घेतले. ते इंधन बैलगाडीतून डब्यांत भरून आणले होते. दुपारी दोनच्या आत विमान जुहूच्या पट्टीवर टेकले. तिथून पुढे विन्सेंट टपाल घेऊन बेळ्ळारीमार्गे मद्रासला गेले. पस मॉथचा वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास होता. घोटीजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर आज मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, त्याच्याहून तो फार अधिक नव्हता. पण खाली आगगाडी आणि बैलगाडी असताना तो वेग काही औरच होता.

जुहूची पट्टी समुद्रालगत आणि सखल. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. म्हणजे ऐन पावसाळ्यात, रेडिओ नसलेल्या विमानाने, ढगांनी झाकलेल्या सह्याद्रीच्या कडेने ये-जा करायची. इगतपुरी-घोटीच्या लोकांना तो पाऊस आणि ते धुके वेगळे सांगायला नको. आषाढात कळसूबाई चारचार दिवस दिसत नाही. तरीही पहिल्या वर्षात या सेवेने एक लाख साठ हजार मैल उड्डाण केले, १५५ प्रवासी आणि दहा टनांवर टपाल नेले, साठ हजार रुपये नफा मिळवला आणि वेळापत्रक पाळण्याबद्दल नाव कमावले. नफ्यापेक्षा हे शेवटचे मला महत्त्वाचे वाटते. बुगाटीच्या काळात वेग म्हणजे इतरांच्या आधी पोहोचणे होते. आता तो अर्थ बदलला आणि ठरल्या क्षणी पोहोचणे म्हणजे वेग झाला.

१९३७ च्या नोव्हेंबरात मुंबई-दिल्ली विमानसेवा इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेरमार्गे सुरू झाली. नकाशावर जुहूपासून इंदूरपर्यंत पट्टीने रेघ ओढली, तर ती त्र्यंबकेश्वराच्या डोंगरांवरून, घोटीला उजव्या हाताशी ठेवून जाते. खाली आग्रा रोड, वर विमान, दोघेही उत्तरेकडे निघालेले.

या धावपळीत एक घाव बसला. सर्वांत धाकटा भाऊ जिमी, त्यालाही उडण्याचे वेड. १९३६ साली विमान अपघातात तो गेला. ज्या वेडाने थोरल्या भावाला पहिल्या क्रमांकाचा परवाना दिला, त्यानेच धाकट्याचा जीव घेतला. जेआरडींनी उड्डाण थांबवले नाही. पण पुढे विमान कंपनीत सुरक्षेच्या बारीकसारीक गोष्टींबाबत ते जो आग्रह धरत, त्यामागे हे दुःख नसेलच असे म्हणवत नाही. विन्सेंटही १९४२ मध्ये युद्धकाळात विमान प्रवासातच बेपत्ता झाले. ज्या मित्राने विमानसेवेची कल्पना आणली, तो तिचे मोठे रूप पाहायला उरला नाही.

१९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा समूहाचे अध्यक्ष झाले आणि १९९१ पर्यंत त्या पदावर राहिले. पोलाद, रसायने, टेल्कोचे इंजिन आणि ट्रक, टाटा मेमोरियल रुग्णालय, होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था, कुटुंबनियोजनाचा त्यांनी धरलेला आग्रह, या सगळ्याचा इतिहास वाचकांना परिचित आहे. टेल्कोचा कारभार सुमंत मुळगावकर यांच्या हाती सोपवून जेआरडी निश्चिंत राहिले. माणूस निवडला की त्याच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, ही त्यांची रीत होती. बुगाटीवर प्रेम केलेल्या या अध्यक्षांच्या कारकिर्दीत मोटारगाडी मात्र अगदी शेवटी, १९९१ मध्ये, सिएराच्या रूपाने आली. इंडिका रस्त्यावर आली तेव्हा ते हयात नव्हते.

विमान कंपनीच्या बाबतीत मात्र ही ढवळाढवळ न करण्याची रीत ते पार विसरत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा प्रवाशांत जेआरडी स्वतः होते. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. ज्या पद्धतीने ते झाले त्याने ते दुखावले, तरी बिनपगारी अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. प्रत्येक प्रवासात वही काढून ते टिपणे करत. चहाचा रंग, खुर्चीची पाठ, पडद्याचे कापड, स्वच्छतागृहाची अवस्था. या गोष्टी अध्यक्षांनी पाहायच्या असतात का, असा प्रश्न पडेल. ज्याने स्वतःच्या हातांनी प्लग बदलले आहेत, त्याला तो पडत नाही.

त्यांच्या कारकिर्दीला काळे डागही आहेत. ‘मलबार प्रिन्सेस’ १९५० च्या नोव्हेंबरात माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. त्याच पर्वतावर १९६६ च्या जानेवारीत ‘कांचनजंगा’ आदळले आणि त्यात भाभा गेले. १९७८ च्या पहिल्याच दिवशी ‘एम्परर अशोक’ हे जंबो विमान मुंबईच्या समुद्रात पडून २१३ जीव गेले. त्यानंतर महिन्याभराने मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. शेहेचाळीस वर्षांच्या संबंधाचा हा शेवट त्यांना सरकारी पत्रातून कळण्याआधीच कळला तो, त्यांच्या जागी नेमले गेलेल्या पी. सी. लाल यांच्याकडून. पुढे १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेतले, पण अध्यक्षपद परत आले नाही.

या पार्श्वभूमीवर १५ ऑक्टोबर १९८२ चा दिवस पाहायला हवा. पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षे झाली होती. १९६२ मध्ये, तीस वर्षे झाली तेव्हा, जेआरडींनी लेपर्ड मॉथ विमानाने कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला होता. तेच करायचे त्यांनी पुन्हा ठरवले. फक्त आता वय होते अठ्ठ्याहत्तर. हृदयाने, डोळ्यांनी, डॉक्टरांनी आणि हितचिंतकांनी जे काही म्हणायचे ते म्हटले असेल. कराचीला जाऊन त्या जुन्या, एका इंजिनाच्या विमानात ते बसले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. देशातल्या तरुणांमधली उमेद खचते आहे असे त्यांना वाटत होते, ती थोडी जागी व्हावी हा आपला हेतू असल्याचे त्यांनी तेव्हा सांगितले. तो खरा असेलच. पण ज्याच्याकडून विमान कंपनी काढून घेतली गेली, त्याच्याकडून विमान काढून घेता येत नाही, हेही त्या दुपारी जुहूला जमलेल्या लोकांनी पाहिले.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांचा देह ठेवला गेला. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांच्या मालकीची झाली.

जुहूची जुनी पट्टी शहराच्या गराड्यात सापडली. तिथे हेलिकॉप्टरांची वर्दळ वाढली आणि ज्या क्लबने परवाना क्रमांक एकचा विद्यार्थी घडवला, त्या मुंबई फ्लाइंग क्लबच्या उड्डाणाच्या शिकवण्या पुढे धुळ्याला हलल्या. घोटीहून निघालेला आग्रा रोड नाशिक, मालेगाव ओलांडून तिथेच जातो.